हॅवलॉक : खिशाला झेपणारं खोल पाणी

अंदमानला जाणारा मराठी माणूस आधी सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतो, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम पाहतो आणि मग हॅवलॉकला एका रात्रीपुरता टेकतो. बहुतेक पॅकेज सहलींचा हाच साचा. जाण्यायेण्याचं बोटीचं भाडं भरायचं आणि बेटावर पुरता दिवसही काढायचा नाही, यापरती उधळपट्टी नाही. हॅवलॉकला चार रात्री राहिलात, तर हेच बेट स्वस्त पडतं.

२०१८ पासून बेटाचं अधिकृत नाव स्वराज द्वीप आहे. धक्क्यावर आणि बाजारात मात्र जुनंच नाव चालतं. भारतीयांना इथे यायला परवाना लागत नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना पन्नासच्या दशकात इथे वसवलं गेलं. गोविंदनगर, विजयनगर, राधानगर ही गावांची नावं ऐकून आपण पुण्यातल्या सोसायट्यांतून फिरतोय असं वाटतं. किनारे मात्र आकड्यांनी ओळखले जातात: तीन नंबर म्हणजे बाजार, पाच नंबरला राहण्याच्या झोपड्या आणि डायव्हिंगची दुकानं, सात नंबर म्हणजे राधानगरचा तो प्रसिद्ध पांढरा किनारा.

स्वस्ताईचं गणित इथूनच सुरू होतं. समुद्राला लागून असलेल्या रिसॉर्टऐवजी तीन किंवा पाच नंबरच्या आतल्या रस्त्यावर खोली घ्या. बाजारातल्या खानावळीत भात, डाळ, मोहरी घातलेला मासा मिळतो आणि मालवणी जिभेलाही तो रुचतो. राधानगरला सरकारी बस जाते. वेळा जुळल्या नाहीत तर स्कूटर भाड्याने मिळते. श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, इथून सरकारी बोट साधारण अडीच तास घेते. खासगी वातानुकूलित बोट दीड-दोन तासांत पोचवते, पण भाडं कित्येक पट. सरकारी बोटीची तिकिटं भराभर संपतात, म्हणून खोलीआधी बोट पक्की करा.

वाचवलेले पैसे पाण्यात घालायचे. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकाचा हात धरून पहिली बुडी मारता येते. खोली जास्तीत जास्त १२ मीटर, वयाची अट किमान १० वर्षं, खर्च साधारण साडेतीन ते पाच हजार. दमा, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आरोग्याच्या फॉर्मवर खोटं लिहून पाण्यात उतरणं हा शुद्ध वेडेपणा आहे. तीन-चार दिवस हाताशी असतील, तर १८ मीटरपर्यंत जाण्याचा पूर्ण अभ्यासक्रम करावा असं मी म्हणेन. पंचवीस-तीस हजार एकदम जड वाटतात, पण ते प्रमाणपत्र तारकर्लीपासून थायलंडपर्यंत कुठेही चालतं. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज अशा नावाजलेल्या जागा त्यानंतरच खुल्या होतात.

एलिफंट बीचवर दुपारी गेलात, तर माशांपेक्षा माणसंच जास्त दिसतील. सकाळची पहिली बोट धरा. उथळ पाण्यातल्या पोवळ्यांचा बराच भाग २०१० आणि २०१६ च्या तापलेल्या समुद्रांनी पांढरा पाडला. जे उरलंय त्यावर पाय ठेवू नका. शंख किंवा पोवळ्याचा तुकडा पिशवीत टाकणं वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरू शकतं.

मासेमारीचा हिशोब वेगळा. इथल्या खोल पाण्यात जायंट ट्रेव्हली, कुपा, सेलफिश यांच्यामागे जगभरचे हौशी येतात. ती बोट माणशी नव्हे, अख्खी ठरवावी लागते, म्हणून एकट्याने हा नाद करू नये. चौघं जमवा, अर्ध्या दिवसाची बोट घ्या. मोठा मासा फोटो काढून परत सोडायचा, हा इथला शिरस्ता. जवळच राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे मासेमारी बंद. नावाड्याकडे परवाना आहे का, हे निघण्यापूर्वी विचारा. कोकणातल्यासारखं खडकावर बसून निवांत गरवायचा बेत असेल, तर आधी गावकऱ्यांशी बोला. २०१० मध्ये राधानगरजवळ मगरीच्या हल्ल्यात एका अमेरिकन पर्यटक महिलेचा जीव गेला होता. इशाऱ्याच्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत.

मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातही फेब्रुवारीपासून समुद्र शांत आणि नितळ. घड्याळ आपलंच, पण बेट इतकं पूर्वेला की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. इथला दिवस पहाटेच सुरू करावा लागतो.

तिकीट काढताना शेवटची रात्र श्रीविजयपुरमला ठेवा. बुडीनंतर किमान १८ तास, शक्यतो २४ तास विमानात बसता येत नाही, आणि वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर तीच रात्र तुमचं परतीचं विमान वाचवते.