घरातील नळ आणि तंजावरचे जलसूत्र

तंजावर येथील बृहदीश्वराच्या मंदिरालगत शिवगंगा नावाचा जुना तलाव आहे. त्याच्या पश्चिमेस काहीशा उंच भूमीवर शेवप्पा नायकाच्या नावाची एरी, म्हणजे तळे, आहे. पावसाचे पाणी प्रथम या एरीत साठावे, गाळ तळाशी बसावा, नितळ पाणी भूमिगत मार्गाने शिवगंगेत यावे आणि तेथून भाजलेल्या मातीच्या नळांनी नगरातील विहिरींना पोहोचावे, अशी ही योजना होती. तिला ‘जलसूत्र’ म्हणतात. नायकांच्या मागून १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरावर भोसल्यांचे राज्य होते. त्या काळीही नगर याच पाण्यावर अवलंबून होते. ‘सूत्र’ या शब्दाचे धागा आणि नियम हे दोन्ही अर्थ येथे सारखेच शोभतात.

या योजनेत पंप नव्हता. उंचावरील पाणी सखल जागी जाते, एवढ्याच नियमावर ती चाले. आपल्या घराच्या गच्चीवरील टाकीही याच नियमाने चालते. पाण्याची पातळी तोटीपेक्षा १० मीटर उंच असेल तर तोटीशी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम दाब मिळतो. ३ मीटर उंच असेल तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. म्हणून वरच्या मजल्यावरील नळाला धार बारीक येते, यात नळाचा दोष नसतो. मात्र पूर्वी चांगली असलेली धार हळूहळू बारीक होत गेली, तर तोटीच्या टोकाची जाळी काढून पाहावी. कठीण पाण्यातील चुना तेथे साचतो. जाळी थोडा वेळ लिंबाच्या रसात ठेवली म्हणजे तो विरघळतो.

घरोघरी आढळणारी दुसरी तक्रार म्हणजे ठिबकणारा नळ. २० थेंबांचे १ मिलिलिटर धरले, तर सेकंदाला एक थेंब या गतीने दिवसाकाठी ४ लिटरांहून अधिक आणि वर्षाकाठी दीड हजार लिटरांहून अधिक पाणी जाते. याचे कारण बहुधा आतील वायसर झिजलेले असते. ही दुरुस्ती कोणाही गृहस्थास अथवा गृहिणीस करता येईल. प्रथम मुख्य चावी बंद करावी (हे न करताच नळ उघडणारे महाभाग पुष्कळ आहेत), मग पान्याने नळाचा माथा सोडवून जुने वायसर काढावे व त्याच मापाचे नवे बसवावे. नवे वायसर बसवूनही ठिबकणे थांबले नाही, तर ते ज्या धातूच्या कडेवर टेकते ती कड पाण्याने खाल्लेली आहे असे समजावे. येथे पान्याचा जोर वाढवून उपयोग नाही. आटे मात्र झिजतील. ती कड घासून देणे किंवा नळ बदलणे हे कारागिराचे काम आहे.

मोरीतून दुर्गंधी येते, तेव्हा पुष्कळ लोक फिनेल ओततात. मोरीखालील वाकड्या नळीत थोडे पाणी नेहमी अडून राहते आणि गटारातील वायूला वाट मिळत नाही. या वळणाचा उपयोग करून अलेक्झांडर कमिंग या घड्याळे बनविणाऱ्या कारागिराने १७७५ मध्ये लंडनला शौचकूपाचे पेटंट मिळविले होते. उन्हाळ्यात घर महिनाभर बंद राहिले की वळणातील पाणी आटते. तेव्हा तांब्याभर पाणी ओतणे हाच उपाय. तुंबलेल्या मोरीत आम्ल आणि ब्लीचिंग पावडर ही दोन्ही मात्र कधीही एकत्र टाकू नयेत. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो व लहानशा न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो.

भिंतीच्या आत ओल दिसू लागली, ती विजेच्या बटणाजवळ पोहोचली, किंवा घरातील सर्व मोऱ्या एकाच वेळी तुंबल्या, तर विलंब न लावता जाणकारास बोलवावे. इंग्रजीत त्याला ‘प्लंबर’ म्हणतात. तो शब्द शिसे या अर्थाच्या लॅटिन ‘प्लंबम्’ वरून आला, कारण रोमन लोकांचे नळ शिशाचे असत.

याहून गंभीर एक गोष्ट आहे. आपल्याकडील बहुतेक नगरांत पाणी ठराविक वेळीच सुटते. ते बंद झाले की रस्त्याखालील नळातील दाब नाहीसा होतो, क्वचित बाहेरील दाबाहूनही कमी होतो. अशा वेळी नळाला तडा असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर ते मैलापाणी आत ओढले जाते. कोणी सार्वजनिक नळाला थेट पंप जोडला, तर हे शोषण अधिकच वाढते आणि त्याचे फळ शेजारच्या घरातील मुलाला भोगावे लागते. नळाला सुरुवातीस गढूळ किंवा वास येणारे पाणी आले, तर ते पिऊ नये. घरातला नळ खोलत बसण्याऐवजी नगरपालिकेच्या पाणीखात्यास कळवावे. दुरुस्ती होईपर्यंत दुसरीकडचे स्वच्छ पाणी आणून, उकळून प्यावे.

संडासाच्या टाकीचे झाकण तर घरच्या माणसाने उघडू नये आणि मजुरासही आत उतरवू नये. तेथे हायड्रोजन सल्फाइड हा हवेहून जड वायू साचतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यासारखी घाण येते. प्रमाण वाढले की नाकाची संवेदना बधिर होते, आणि वास गेला म्हणून उतरलेला माणूस क्षणात कोसळतो. त्याला काढण्यास गेलेला दुसराही बहुधा तेथेच पडतो. संरक्षक साधनांवाचून माणसाकडून अशी टाकी साफ करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे, आणि त्याची शिक्षा काम सांगणाऱ्यास होते. उपसा करणारी यंत्रगाडी मागविण्यासाठी नगरपालिकेकडे अथवा महानगरपालिकेकडे अर्ज करावा.