किंगरीचा सूर आणि मेंदूतली रेषा

हावड्याच्या दिशेने गोंदिया सोडले की आमगावनंतर सालेकसा आणि दरेकसा ही स्थानके लागतात. माघी पौर्णिमेच्या दिवसांत इथे माणसांची रीघ लागते. पुरुषांच्या डोक्याला पिवळे फेटे, खांद्यावर सप्तरंगी झेंडे, आणि भेटेल त्याला ‘जय सेवा’. धनेगावकडून जंगलातली वाट कचारगडाच्या गुहेकडे चढते. गोंड समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान.

या गुहेची कथा अशी सांगतात. काली कंकालीची 33 मुले आत कोंडली गेली आणि तोंडावर प्रचंड शिळा बसली. गोंड धर्माचा आद्य गुरू पारी कुपार लिंगो सुटकेला आला. हिरासुका पाटालीरने किंगरी हे तंतुवाद्य छेडले. तो सूर कानी पडताच मुलांच्या अंगात बळ संचारले, त्यांनी शिळा ढकलली, आणि वाजवणारा मात्र तिच्याखाली चिरडला गेला. मुलांच्या हातांत ताकद आधीही होतीच. तिला जाग आणली ती नादाने.

आज मेंदूविज्ञानाला छळणारा प्रश्न याच गुहेच्या तोंडाशी उभा आहे. कानाच्या पडद्यावर हवेचे कंप आदळतात, मज्जातंतूंतून विद्युतसंदेश धावतात, इथपर्यंत सगळे मोजता येते. पण त्यातून ‘मला ऐकू आले’ ही जाणीव कशी उमटते? 1994 साली अमेरिकेतल्या टुसॉनच्या परिषदेत तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी हा खरा अवघड प्रश्न म्हणून मांडला.

महाराष्ट्राने या प्रश्नाला हात घातला तो त्याच्या 70 वर्षे आधी. 1924 साली स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम उभारले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, आणि अमळनेरच्या शिक्षणसंस्थेत त्यांनी आधी अध्यापन केलेले. गुरू माधवदास यांच्यावर त्यांची निष्ठा अढळ होती, पण गुरूने शिकवलेली क्रिया तपासायला ते कचरले नाहीत. नौली ही पोटाची योगक्रिया करणाऱ्या साधकाच्या मोठ्या आतड्यात नळी घालून ती दाबमापकाला जोडली. पोटाचे स्नायू मधोमध ताठ उभे राहिले की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे पारा सांगत होता. या पोकळीला त्यांनी गुरूचेच नाव दिले. श्रद्धा आणि शंका एकाच माणसात इतक्या सलोख्याने नांदलेल्या फार कमी वेळा दिसतात.

पुढे परदेशी पाहुणेही आले. 1935 मध्ये फ्रेंच डॉक्टर तेरेझ ब्रॉस हृदयाचा आलेख काढणारे यंत्र घेऊन भारतात फिरल्या. योगी हृदय थांबवतात, ही बातमी त्यानंतर जगभर झाली. 1961 साली संशोधक वेंगर, बागची आणि आनंद यांनी तिची पुन्हा तपासणी प्रसिद्ध केली. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की नाडी हाताला लागत नाही, ठोका ऐकू येत नाही. आलेखावर मात्र हृदय चालूच असते. चमत्कार गळून पडला. शरीरावरचा ताबा उरला, आणि तो कमी नवलाचा नाही.

त्याच वर्षी दिल्लीच्या ‘एम्स’मधील आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी ध्यानस्थ योग्यांच्या मेंदूलहरींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दोघा योग्यांनी 4 अंश सेल्सिअस पाण्यात हात बुडवला आणि 45 ते 55 मिनिटे तसाच ठेवला. कागदावर अल्फा लहरींची शांत रेषा सरकत राहिली. एवढ्या गारठ्यात बहुतेकांचा हात काही मिनिटांतच बाहेर येतो. पण त्या वेळी त्यांना थंडी जाणवत होती की नव्हती, की जाणवूनही बोचत नव्हती, हे रेषेवरून कळत नाही. त्यासाठी त्या योग्यांनाच विचारावे लागते, आणि त्यांच्या शब्दांवर विश्वास ठेवायची तयारी लागते.

ही दुसरी वाट तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानडे यांनी धरली. 1933 मध्ये आलेल्या महाराष्ट्रातील गूढवादावरच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात ज्ञानेश्वरांपासून रामदासांपर्यंतच्या संतांचे प्रकाश, नाद आणि रूपाचे अनुभव साक्षी-पुराव्यासारखे पारखून मांडले आहेत. लोणावळ्याचे दाबमापक आणि रानड्यांची ही पारख एका टेबलावर यायला हवी होती. मराठी विद्याजगतात ते पुरेसे घडले नाही, याची रुखरुख वाटते.

विदर्भात शंकेची धारही तेवढीच तेज राहिली. 1982 साली नागपुरात श्याम मानव यांनी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. अंगात येणे म्हणजे मनाची एक अवस्था, हे ती गावोगाव समजावत आली. अंगात आलेल्या बाईला मारहाण होते, आजारी लेकराला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेले जाते, तेव्हा ही समजूत जीव वाचवते. मात्र मनाची अवस्था म्हटल्याने ती अवस्था कशी असते हे उलगडत नाही. तिथून पुढचा अभ्यास बाकीच राहतो.

जगातही उत्तर लांबच आहे. जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण 25 वर्षांत सापडेल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी 1998 मध्ये चाल्मर्सशी लावली. 2023 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला ते हरले आणि वाईनच्या बाटल्या देऊन मोकळे झाले. जाणिवेच्या दोन प्रमुख सिद्धांतांना समोरासमोर उभे करणाऱ्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आले. 256 माणसांच्या मेंदूंची तपासणी झाली, आणि दोन्ही सिद्धांतांतले कच्चे दुवे उघडे पडले.

अशा वेळी कचारगडाकडे परत यावेसे वाटते. आज तेलंगणात असलेल्या आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात दोन शब्द नोंदवले. ‘जीव’ म्हणजे देह चालवणारी शक्ती, ‘सनाल’ म्हणजे मरणानंतरही माणूस म्हणून जे उरते ते. जिवंत असणे वेगळे आणि ‘मी’ असणे वेगळे, हा भेद त्या भाषेने केव्हाच केलेला. माघी यात्रेला तेलंगणातूनही लोक येतात. दरेकशाला उतरणाऱ्या एखाद्या वयस्क भुमकाशेजारी, म्हणजे गोंड पुजाऱ्याशेजारी, गोंदियाच्या महाविद्यालयातली गोंडी बोलणारी मुलगी वही घेऊन बसली, तर किंगरी ऐकताना आत काय होते, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायला तिला कुठलेही यंत्र लागणार नाही. यात्रेचे मोजके दिवस हाताशी असतात, आणि ते शब्द जाणणारी म्हातारी माणसे दरवर्षी थोडी कमी होत जातात.