बाप्तिस्म्याच्या अलीकडे-पलीकडे

१९१७ साली विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन वाईला आले आणि नारायणशास्त्री मराठ्यांच्या प्राज्ञपाठशाळेत उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकले. वाईकर ही आठवण अभिमानाने सांगतात. त्याच वर्षी, येथून दहा-अकरा कोसांवर साताऱ्यात, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य मानून एका पंगतीला बसवणारा हा बंधुसमाज होता. त्याची आठवण आम्ही ख्रिस्ती माणसेसुद्धा क्वचितच काढतो.

टिळकांना नवा करार मिळाला तो १८९३ मध्ये, राजनांदगावला जाताना आगगाडीत, एका इंग्रज सहप्रवाशाकडून. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले. धर्म पाळणाऱ्या माणसाची त्यात चांगलीच झाडाझडती आहे. दान करावे, पण गाजावाजा करू नये. प्रार्थना करावी, पण लोकांनी पाहावे म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढण्याआधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ पाहावे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकन मराठी मिशनमध्ये बावीस वर्षे काढल्यावर हाच माणूस बाप्तिस्म्याची रेघ ओलांडून बाहेरच्यांना हाक मारू लागला. ज्या प्रवचनाने त्यांना आत आणले, त्यानेच ही हाक मारायला लावली, असे मी मानतो.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची वाट निराळी होती, आणि या बाबतीत मी त्यांच्याकडूनच अधिक शिकलो. जलालपूरच्या आपल्या वडिलांचे, नाना गोखल्यांचे, सोवळे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात रंगवले आहे. १८५७ च्या धामधुमीत नानांच्या सासऱ्यांना फाशी झाली. त्या धक्क्याने नानांना शिवाशिवीचे वेडच लागले. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात यायचे नाही. अशा घरात वाढलेली ही बाई नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्याच्यापासून वेगळी राहिली. पुन्हा एकत्र नांदायला आली तेव्हाही तिची चूल आणि पाणी वेगळेच होते. मग एका रात्री विचार करता करता त्यांच्या मनाची गाठ सुटली. जातिभेद देवाने केला नाही, तो माणसांनी केला, हे त्यांना लख्ख दिसले आणि त्या कुणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो यानंतर, १९०० साली.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी मन मोकळे झाले, विधी मागून आला. त्याहून महत्त्वाचे हे की, सोवळे सोडल्याचा तोरा त्यांच्या लिखाणात कुठेही सापडत नाही. नानांच्या त्या कडक वागण्याकडे त्या मायेने पाहतात. बंधनातून सुटलेला माणूस पुष्कळदा सुटल्याचीच ऐट मिरवू लागतो आणि अजून न सुटलेल्यांना हिणवतो. लक्ष्मीबाईंच्या हातून तसे झाले नाही.

श्रद्धेपेक्षा तिचे बाहेरचे रूप मोठे का, हा प्रश्न पंडिता रमाबाईंनीही पाळकवर्गाच्या तोंडावर विचारला होता. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेचच त्यांच्या तिथल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून त्यांचे खटके उडू लागले. बिशपांचा शब्द अंतिम का मानायचा? क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत? त्यांना उद्धट ठरवले गेले. पुढे त्यांनीच कबूल केले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. इतके उघडपणे सांगायला धैर्य लागते. आमच्या उपासनांत साक्षी पुष्कळ होतात, पण अशी साक्ष कानावर पडत नाही. बाप्तिस्मा, वर्गणी, सभासदांच्या यादीत नाव, हे सारे झाले की हिशेब पुरा झाला असे आम्हांला वाटते. लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला मुलगा बापाची एकही आज्ञा मोडत नाही, आणि धाकटा परत आल्याचा आनंद चालला असताना रागावून घराबाहेर उभा राहतो. तो दुराचारी नाही. आम्हीही नाही.

थोरल्या मुलाचा हा राग आमच्यातही दिसतो. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर, नाना फडणविसांच्या वाड्यामागे, एक मोठी घंटा आहे. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आलेली, अंगावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मरिया असलेली. आता ती महादेवाच्या देवळापाशी आहे. आमच्यातल्या काहींना ती पाहून राग येतो, काहींना तिथे पाय ठेवणेच अपवित्र वाटते. ती लढाईतली लूट होती, हे खरेच. पण अडीचशे वर्षांहून अधिक काळ ज्यांनी ती जपली त्यांच्या अंगणात उभे राहून आपल्या पावित्र्याचा जप करणे मला पटत नाही.

आणि सोवळे सोडण्याचे काम एकट्या ख्रिस्ती माणसांनी केले असेही नाही. याच वाईच्या पाठशाळेत शिकलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी शास्त्राच्याच आधाराने अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींना साथ दिली. १९३३ मध्ये गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्यही त्यांनी केले. हा इतिहास वाचताना मला स्वतःच्या मंडळीची काळजी वाटते. कुणी हळदीकुंकवाला गेली, कुणी शेजारच्या गणपतीचा प्रसाद हातात घेतला, कुणाच्या कपाळावर टिकली दिसली, यावरून माणसाची श्रद्धा मोजणारे आमच्यात आहेत. मूर्तिपूजा नको, हे मलाही मान्य आहे. पण शेजाऱ्याने प्रेमाने पुढे केलेला हात झिडकारून कोणती आज्ञा पाळली जाते?

टिळकांचा दरबार मात्र फार टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. दरबार बराचसा एका माणसाच्या श्वासावर उभा होता, हे त्याचे दुबळेपण होते. टिळकांचे चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, तेव्हा त्या विचारातले काही पुढे गेले. लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेले. टिळकांची भजने ‘उपासना संगीता’तून आम्ही दर रविवारी गातो, मात्र ज्यांच्यासाठी त्यांनी दार उघडले ते लोक दाराबाहेरच आहेत. घरात शुभवर्तमान वाचणारी, संकटात येशूचा धावा करणारी, पण घरच्यांच्या धाकाने बाप्तिस्मा न घेतलेली माणसे या तालुक्यातही आहेत. मंडळीच्या यादीत त्यांचे नाव नसते आणि प्रभुभोजनाच्या वेळी ती मागच्या बाकावर बसतात. त्यांना पुढे बोलवायचे की नाही, यावर आमच्या पंचांनी एकदा तरी मोकळेपणाने चर्चा करावी, एवढीच माझी मागणी आहे.