‘बोलतलो, घाई कसली?’

मालवण-कुडाळकडे अडीच वर्षांचं मूल बोलत नसेल तर सल्ला तयारच असतो: “तेचो बापूस पण उशिरान बोललो. बोलतलो, घाई कसली?” आजी हे म्हणते, शेजारीणही म्हणते. घरच्यांना धीर येतो आणि मुलाचं वर्ष-दीड वर्ष त्यातच निघून जातं.

काही मुलं खरोखरच उशिरा बोलतात आणि पुढे सगळं सुरळीत होतं, म्हणून तर हा समज इतका चिवट आहे. पण निव्वळ उशिरा बोलणारं मूल शब्दांवाचून बरंच काही सांगत असतं. फळीवरच्या डब्याकडे बोट करतं, आईकडे बघतं, पुन्हा डब्याकडे बघतं. ऑटिझममध्ये, म्हणजे स्वमग्नतेत, अडतं ते या देवाणघेवाणीत. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळून बघतं, दीड वर्षापर्यंत आवडलेली गोष्ट बोटाने दाखवतं. हे होत नसेल किंवा आलेले शब्दही गळून पडत असतील, तर वाट कसली बघायची? १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची प्राथमिक चाचणी आहे. मूल किती शब्द बोलतं, हा प्रश्न तीत नाहीच!

राहिला बापाचा दाखला. पाच देशांतल्या सुमारे २० लाख मुलांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१९च्या अभ्यासात ऑटिझमचा धोका सुमारे ८० टक्के आनुवंशिक घटकांशी जोडलेला आढळला. म्हणजे घराण्यात अशी लक्षणं असतील तर तपासणी लवकर करायला हवी. इथे नेमकं उलटं चालतं.

“तपासून तरी काय होणार?” याचं उत्तर पत्रादेवीच्या पलीकडे, गोव्यात मिळतं. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेत आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून ऑटिझम असलेल्या ६५ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त छापून आले. पालकांना शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेले आरोग्य कार्यकर्ते होते. मुलाच्या कलाने खेळायचं, त्याच्या इशाऱ्याला प्रतिसाद द्यायचा, एवढाच धडा. हा धडा मिळालेल्या पालकांची मुलं आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. सगळ्याच मोजमापांत फायदा दिसला नाही आणि ऑटिझम बरा झाल्याचा दावाही कुणी केला नाही.

“आमचा तर धडाधडा बोलतो, त्याला कसा ऑटिझम?” हेही नेहमीचंच. एखादा मुलगा अजिबात बोलत नाही. दुसरा रोह्यापासून मडगावपर्यंतची स्टेशनं ओळीने सांगतो, पण ऐकणारा कंटाळलाय हे त्याला कळत नाही. कुणाला मिक्सरचा आवाज सोसत नाही, कुणी तासभर पंख्याकडे बघत राहतं. पूर्वी अ‍ॅस्पर्जर वगैरे वेगळी निदानं होती. अमेरिकी मनोविकार संघटनेने २०१३मध्ये ती एका वर्णपटात आणली आणि किती मदत लागते यावरून तीन पातळ्या ठरवल्या. मुलींमधली लक्षणं तर अनेकदा ‘लाजरी आहे’ म्हणून नजरेतून सुटतात.

लशीमुळे ऑटिझम? असा संबंध सुचवणारा १९९८चा १२ मुलांवरचा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१०मध्ये मागे घेतला, डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासातही संबंध सापडला नाही. आईची माया कमी पडली? ही जुनी, क्रूर थाप आहे. बाहेरची बाधा? गाऱ्हाणं खुशाल घाला, पण तपासणी टाळू नका. स्टेम सेलचं इंजेक्शन? ऑटिझमवर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. त्यासाठी दागिने मोडू नका.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळू शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं मोफत तपासायची असतात. पथकाची तारीख सेविकेला विचारून ठेवा आणि “तो कोणाकडे जात नाही” म्हणून त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.