टोकन दिल्यानंतरचं मन

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर घर पाहायला आलेलं कुटुंब साधारण तेच प्रश्न विचारतं. पाणी किती वेळ येतं? टँकर मागवावा लागतो का? सकाळी माजिवड्याला पोहोचायला किती वेळ लागतो? गायमुख घाटात दुरुस्तीचं काम निघालं की काय हाल होतात? प्रश्न रास्त असतात आणि उत्तरंही फारशी लपलेली नसतात. मग टोकन दिलं जातं, करारनामा नोंदवला जातो, वीस वर्षांच्या कर्जाचा पहिला हप्ता खात्यातून जातो. त्यानंतर तेच कुटुंब घरी आलेल्या पाहुण्यांना वेगळं सांगू लागतं. ट्रॅफिक काय, सगळीकडेच आहे. टँकर कुठे येत नाहीत? इथे खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो, हवा मोकळी आहे, आणि एकदा मेट्रो आली की बघायलाच नको.

ही माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना आता खरोखरच तसं वाटतं.

रस्ता तोच, पाणी तेवढंच, मग मत कसं पालटलं? याचं उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात सापडतं. 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स', म्हणजे बोधात्मक विसंगती, हे त्याचं नाव. 'मी विचार करून वागणारा माणूस आहे' आणि 'मी जन्माची कमाई टँकरवर चालणाऱ्या इमारतीत घातली' या दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी सुखाने नांदत नाहीत. त्यातून अस्वस्थता येते, आणि भूक लागल्यावर माणूस अन्न शोधतो तसं मन ती घालवण्याचा मार्ग शोधू लागतं. घर विकणं सोपं नाही. रस्ता मोकळा करणं एकट्याच्या हातात नाही. बदलता येण्याजोगं उरतं ते स्वतःचं मत. तेही जमलं नाही, तर समर्थनाला एखादी नवी गोष्ट जोडता येते, आणि 'मेट्रो आली की' ही तशीच जोडलेली गोष्ट आहे.

या सिद्धांताचं एक मूळ भारतात आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. 15 जानेवारी 1934 रोजी बिहार आणि नेपाळ भीषण भूकंपाने हादरले. जमुना प्रसाद यांनी त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा करून त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धक्के जाणवले पण नुकसान झालं नाही, अशा भागांत लोक आणखी मोठ्या संकटाच्या अफवा पसरवत होते. पाटण्यावर चक्रीवादळ येणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर प्रत्यक्ष उद्ध्वस्त झालेल्या वस्तीचा अभ्यास केला, तेव्हा तिथे अशा अफवा आढळल्या नाहीत. आधीच घाबरलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतील? फेस्टिंगर या कोड्यावर अडले आणि तिथून त्यांना वाट मिळाली. भीती तर वाटते आहे, पण आजूबाजूला भ्यावं असं काही दिसत नाही. ही विसंगती मिटवण्यासाठी मन भीतीला साजेसं संकट घडवतं. अफवा भीती निर्माण करत नव्हत्या, त्या आधीच्या भीतीचं समर्थन करत होत्या.

प्रयोगशाळेतला पुरावा 1959 चा. फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं: ट्रेमध्ये रिळं भरा, काढा, फळीवरच्या खुंट्या पाव पाव वळसा फिरवा. नंतर बाहेर थांबलेल्या मुलीला 'काम मजेचं आहे' असं सांगायला लावलं. काहींना त्यासाठी 1 डॉलर दिला, काहींना 20. पुढे ज्याने त्याने आपलं मत नोंदवलं, तेव्हा काम खरंच बरं होतं असं वाटणारे 1 डॉलरवाले निघाले. 20 डॉलर घेणाऱ्याला खोटं बोलण्याचं कारण खिशात सापडत होतं. 1 डॉलरवाल्याकडे तसं कारण नव्हतं, म्हणून त्याने मतच बदललं.

घर घेणाऱ्याच्या जास्त जवळचा अभ्यास व्हँकुव्हरच्या घोड्यांच्या शर्यतीतला आहे. 1968 मध्ये नॉक्स आणि इंक्स्टर यांनी तिकीट खिडकीपाशी 2 डॉलरची पैज लावणाऱ्यांना विचारलं की आपला घोडा जिंकेल याची किती खात्री वाटते. पैज लावायच्या आधी लोक साशंक होते. ज्यांच्या हातात तिकीट पडून अर्धा मिनिटही झालं नव्हतं, त्यांचा विश्वास मात्र ठळकपणे जास्त होता. घोडा तोच होता, त्याच्याबद्दल नवी माहितीही मिळाली नव्हती. दोन डॉलर अर्ध्या मिनिटात एवढं करत असतील, तर वीस वर्षांचा हप्ता काय करत असेल?

इथे घोडबंदरच्या रहिवाशाला दोष देण्याचं कारण नाही. रोज सकाळी कापूरबावडीच्या कोंडीत अडकणाऱ्या माणसाला दिवस ढकलायचा असतो, आणि 'माझा निर्णय चुकला' हे वाक्य उराशी धरून कुणी वीस वर्षं काढू शकत नाही. काळजीची बाब निराळी आहे. रहिवाशाने मनाची घातलेली समजूत नियोजन करणाऱ्यांच्याही सोयीची ठरते. इमारती आधी आणि पाणी, रस्ते नंतर, हा क्रम ज्यांनी लावला, त्यांना जाब विचारणारा आवाज त्या समजुतीने मऊ होतो. तो कायमचा मऊ राहिलेला नाही, हीही वस्तुस्थिती आहे. या पट्ट्यातल्या पाणीटंचाईची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि 2017 मध्ये न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्यांना काही काळ चाप लावला. कोंडी आणि खड्ड्यांविरुद्ध रहिवासी फलक घेऊन रस्त्यावरही उतरले आहेत. अस्वस्थता शमवण्याचा हाही एक मार्ग आहे, फक्त तो महाग पडतो: रविवार जातो, ओळखीपाळखी बिघडतात.

'मेट्रो आली की' या वाक्याची परीक्षा आता जवळ येते आहे. कासारवडवली ते गायमुख हा 4अ मार्ग वडाळ्याहून येणाऱ्या मेट्रो 4 ला जोडलेला आहे आणि सप्टेंबर 2025 मध्ये गायमुखच्या बाजूला चाचणीची गाडी धावली. ठाणे ते बोरिवली हा सुमारे 11.8 किलोमीटरचा जुळा भुयारी मार्ग राष्ट्रीय उद्यानाखालून जाणार आहे; त्याचं भूमिपूजन जुलै 2024 मध्ये झालं. मेट्रो सुरू झाल्यावरही कोंडी उरली, तर लोक आपलं मत तपासतील की आशा भुयाराकडे सरकवतील? एखाद्या मानसशास्त्र विभागाने हा अभ्यास आताच हाती घ्यायला हवा. आधीची उत्तरं नोंदवायची वेळ आत्ताची आहे, नंतर ती कुणालाच नीट आठवणार नाहीत.

अपेक्षा खोटी ठरल्यावर मन काय करतं, याचं मोठं उदाहरण भारतात 1962 मध्ये घडलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अष्टग्रही, म्हणजे आठ ग्रह एका राशीत येण्याचा योग, होती. जगबुडीच्या भीतीने देशभर यज्ञयाग झाले. ठरलेले दिवस सरले, काहीच झालं नाही. तेव्हा यज्ञांमुळेच संकट टळलं, असं मानण्याची सोय श्रद्धावानांपाशी तयारच होती.

या सिद्धांतावर मोठे आक्षेपही आहेत, आणि ते झाकून ठेवणं बरं नाही. डॅरिल बेम यांनी 1967 मध्येच म्हटलं होतं की अस्वस्थता वगैरे मानायची गरज नाही. माणूस स्वतःचं वागणं बाहेरच्यासारखं पाहतो आणि त्यावरून आपलं मत काय असेल हे ठरवतो. 2024 मध्ये 19 देशांतल्या 39 प्रयोगशाळांनी सुमारे 4,900 जणांवर या परंपरेतला एक गाजलेला प्रयोग पुन्हा केला. मताविरुद्ध निबंध लिहिणाऱ्यांचं मत त्या बाजूला झुकलं, हे खरं ठरलं. पण 'लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा' असं सांगितलेले जास्त झुकतील, हा सिद्धांताचा कळीचा अंदाज फसला. मत सरकतं एवढं दिसलं, ते नेमकं कशाने सरकतं यावरचा वाद संपलेला नाही.

तरीही उपयोग थांबलेला नाही. शरीराच्या अवास्तव आदर्शांपायी खाण्याचे विकार जडू शकतील अशा मुलींसाठी एरिक स्टाइस आणि सहकाऱ्यांनी कार्यक्रम आखला. त्यात मुली स्वतःच त्या आदर्शांविरुद्ध बोलतात, लिहितात, आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं मन सहजी झटकत नाही. आज तो अनेक देशांत वापरला जातो.

घोडबंदरला सर्वांत कामाचा प्रयोग मात्र पाण्याचा आहे. कॅलिफोर्नियात दुष्काळ असताना सांताक्रूझच्या विद्यापीठात पोहून आलेल्या विद्यार्थिनींना अडवून काहींकडून 'पाणी जपा' या फलकासाठी सही घेतली, काहींना त्यांच्याच अंघोळीच्या सवयींची आठवण करून दिली, आणि एका गटाबाबत दोन्ही केलं. ज्यांच्याबाबत काहीच केलं नाही, त्या सरासरी पाच मिनिटं शॉवरखाली राहिल्या. ज्यांच्याबाबत दोन्ही केलं, त्या पावणेचार मिनिटांच्या आत बाहेर आल्या. एलियट अॅरन्सन आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगाला लागलं काय, तर एक फलक, एक पेन आणि चार प्रश्न. टँकरच्या बिलावरून दरवर्षी वाद घालणाऱ्या कुठल्याही सोसायटीला तो सर्वसाधारण सभेच्या दिवशी, दारातच, करून पाहता येईल.