कोल्हापूर ते नागपूर: विमानाने ७०० किमी, रेल्वेने १,२०० किमी! वेळ नेमका जातो कुठे?

कोल्हापूर : नागपूरचे हिवाळी अधिवेशन जवळ आले की कोल्हापुरातून तिकडे जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. कुणाला मोर्चात जायचे असते, कुणाला मंत्र्यांना निवेदन द्यायचे असते. प्रवास एकाच राज्यातला, पण रेल्वेने जाऊन येण्यातच दोन दिवस मोडतात. असे का? जाणून घेऊया.

हवाई अंतर किती?

उजळाईवाडी विमानतळापासून नागपूर विमानतळ सरळ रेषेत सुमारे ७०० किमीवर आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेस मात्र नागपूरला पोहोचेपर्यंत सुमारे १,२०० किमी धावते आणि त्यासाठी साधारण २५ तास घेते.

रेल्वेला ५०० किमी जास्त का?

नागपूर कोल्हापूरच्या ईशान्येला आहे. गाडी मात्र मिरज, सातारा, पुणे, दौंड करत आधी उत्तरेला मनमाड गाठते. नकाशा पाहिला तर पुणे कोल्हापूरच्या किंचित पश्चिमेलाच आहे, तर मनमाड जेमतेम २० किमी पूर्वेला. म्हणजे मनमाडपर्यंत गाडी पूर्वेकडे जवळपास सरकतच नाही. तिथून ती भुसावळ, अकोला, वर्धा मार्गे नागपूरकडे वळते. पंढरपूर, लातूर, नांदेड मार्गे जाणारी गाडीही आहे, पण ती रोज नसते.

विमानाला किती वेळ?

ताशी ८०० किमी वेगाने उडणारे छोटे जेट ७०० किमी तासाभरात कापते. पण धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरताना वेग कमी करणे यातही वेळ जातो. त्यामुळे प्रत्यक्ष प्रवास सव्वा ते दीड तासांचा होतो. पंख्याच्या एटीआर विमानाचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास असतो, त्याला पावणेदोन तास लागू शकतात. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. हे सगळे धरले तर थेट विमान मिळाल्यास घरातून निघून नागपूर शहरात पोहोचायला चार-पाच तास पुरतात.

थेट विमान नसेल तर?

हैदराबादमार्गे हवाई अंतर सुमारे ८८० किमी, तर मुंबईमार्गे ९९० किमी होते. हैदराबादमार्गे जादा अंतर १८० किमी, म्हणजे हवेतली जेमतेम १५-२० मिनिटे. खरा वेळ जातो तो दुसऱ्या विमानाची वाट पाहण्यात. मधला थांबा सहा तासांचा असेल तर अख्खा दिवस गेलाच समजा.

तिकीट काढताना काय पाहाल?

कमी भाड्याआधी ‘एकूण प्रवास वेळ’ पाहा. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील तर उत्तम. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसरे हुकण्याचा फटका प्रवाशालाच बसतो. परीक्षा, मुलाखत किंवा दवाखान्याचे काम असेल तर आदल्या दिवशीच पोहोचलेले बरे.