फरदडीला पाणी देण्याआधी: कपाशी का फुटते आणि बोंडअळी कुठे झोपते



डिसेंबर लागला. शहादा, तळोदा, नंदुरबार भागात ज्यांच्या विहिरीला, बोअरला पाणी आहे त्यांच्या मनात एकच विचार असतो: "झाड अजून हिरवं आहे, एक-दोन पाणी दिलं तर आणखी दोन वेचण्या होतील." निर्णय तुमचाच. पण त्याआधी शेतात काय घडतं ते समजून घेऊ.

*🌱 झाड काय करतं?*
कपाशी मुळात बहुवर्षीय झाड आहे, आपण तिला एका हंगामाचं पीक केलं. पाण्याचा ताण पडला किंवा मुळाशी पाणी साचलं, की झाडात इथिलीन वायू वाढतो, देठाचा सांधा सुटतो आणि पाते गळतात. पोसवेल तेवढाच भार झाड ठेवतं. आणि बोंडं फुटून झाल्यावर पुन्हा ओल मिळाली, की तेच झाड नवी पालवी, नवे पाते काढतं. आपण याला फरदड म्हणतो. झाडासाठी ती जगण्याची धडपड असते.

*🐛 अळी काय करते?*
आपल्याकडे जूनमध्ये दिवस जवळपास साडेतेरा तासांचा असतो, डिसेंबरअखेर सुमारे पावणेअकरा तासांचा. गुलाबी बोंडअळीला हा फरक कळतो. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या, की पूर्ण वाढलेली अळी लगेच कोषात जात नाही. सरकीत, किडक्या बोंडात किंवा पालापाचोळ्यात गुंडाळून पडून राहते. खाणं बंद. याला सुप्तावस्था म्हणतात. पुढे ऊब आणि पावसाची ओल मिळाली, की कोष होतो आणि पतंग बाहेर पडतो.

*⚠️ खरा धोका इथे आहे*
अळी झोपायची तयारी करते त्याच वेळी फरदड तिला ताजी हिरवी बोंडं देते. त्या बोंडांत वाढलेल्या अळ्याच पुढच्या खरिपाचं बियाणं ठरतात. अळी बोंडाच्या आत असल्याने फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. बीटीच्या भरवशावरही राहू नका. शेजारच्या गुजरातमध्ये ही अळी बीटीला दाद देत नसल्याचं २०१० मध्येच समोर आलं होतं, आणि २०१७ ला महाराष्ट्रात काय झालं ते आपण पाहिलंच आहे.

*✅ आता काय करायचं?*
१) डिसेंबरअखेर शेवटची वेचणी करा, पाणी बंद करा.
२) वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या, गुरं सोडा. नुकती फवारणी झालेल्या शेतात मात्र सोडू नका.
३) पऱ्हाट्या श्रेडर किंवा रोटावेटरने बारीक करून जमिनीत गाडा. बांधावर ढीग नको. चुलीसाठी ठेवायच्याच असतील तर किडकी बोंडं काढून नष्ट करा आणि पावसाळ्याआधी पऱ्हाट्या संपवा.
४) कवडी कापूस घरात साठवू नका. कापूस साठवलेल्या जागी आणि जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावा.
५) पाणी आहेच, तर हरभरा, गहू किंवा मक्याला द्या.

*📅 पुढच्या खरिपात*
जूनच्या आधी कपाशी लावू नका. झोपेतून उठलेल्या पतंगांना पाते-फुलंच मिळाली नाहीत, तर त्यांची पिढी तिथेच संपते. मे महिन्यातली कपाशी त्यांना नेमकी वेळेवर खाऊ घालते.

पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी २ कामगंध सापळे लावा. मादी रात्री विशिष्ट गंध सोडते आणि नर त्या वासावर येतो. सापळ्यातल्या गोळीला तोच वास असतो. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले, तर २० हिरवी बोंडं फोडून बघा. २ बोंडांत जिवंत अळी दिसली तर फवारणीची वेळ झाली. औषध कृषी सहाय्यकांना किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच घ्या.

एकट्याने शेत साफ करून भागत नाही. पतंगाला बांध कळत नाही. शेजाऱ्याशी बोला, गटाच्या बैठकीत हा विषय घ्या आणि सगळ्या शिवाराची कपाशी एकाच वेळी काढा.

हा मेसेज गटातल्या इतर सभासदांना पाठवा. शंका असेल तर बोंडाचा किंवा अळीचा फोटो ग्रुपवर टाका. 🙏